पाच बाटल्या, दोन कस्टम आणि आमचे मामा

नोव्हेंबर २०२४. मामांची साठी. साठीची शांत वगैरे करायची नाही, जहाजात बसायचं, असं मामांनी गणपतीतच जाहीर करून टाकलं होतं. मामांचा टॉवेलचा कारखाना आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आयुष्यभर लूमचा खडखडाट ऐकलेला माणूस, म्हटलं जाऊ दे, समुद्राचा आवाज ऐकू दे की जरा. मामी माळकरी, त्यांची अट एकच, कार्तिकी करून आल्यावर निघायचं. मग मामा, मामी, मामेभाऊ म्हणजे आमचा दादा, वहिनी आणि मी अशी पाच डोकी निघाली. मी कशाला, तर मी टॅक्सचं काम करतो आणि मामांच्या हिशोबाने टॅक्सवाल्याला कस्टमपण कळतं. तसं काही नसतं खरं तर, पण फुकट क्रूझ कोण सोडतंय.

हे सगळं आता सविस्तर लिहितोय कारण त्यानंतर सोलापुरातून सिंगापूरच्या क्रूझला जाणारे किमान चारपाच जण मला एकच प्रश्न विचारून गेलेत, "दोन लिटर दारू चालते ना?" आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा तास तेच तेच सांगून माझं तोंड दुखलंय.

तर ट्रिप अशी होती. सोलापूर ते मुंबई ट्रेन, मुंबई ते सिंगापूर विमान, सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवरून जहाज, तीन रात्री. पहिल्या दिवशी संध्याकाळी निघायचं, दुसऱ्या दिवशी मलेशियातलं पेनांग, तिसरा दिवस पूर्ण समुद्रात, चौथ्या दिवशी सकाळी परत सिंगापूर. त्याच रात्री मुंबईचं विमान. हा क्रम नीट लक्षात ठेवा, सगळी भानगड ह्या क्रमात आहे.

मामांनी निघायच्या आधी अभ्यास केला होता, हे मान्य करायला पाहिजे. भारतात माणशी दोन लिटर दारू ड्यूटी न भरता आणता येते हे त्यांना पाठ होतं. पाच माणसं, दहा लिटर, असा सरळ गुणाकार. "दहा आणायची नाही बे, पण पाच तरी आणू" हे आमच्या निघायच्या आदल्या दिवशीचं वाक्य. पण मधे अजून एक देश लागतो हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं, माझ्यापण नाही, उगाच शहाणपणा कशाला सांगू.

जहाजावरचं दुकान बंदरात असताना बंद असतं. जहाज बंदरातून बाहेर पडून लांब समुद्रात गेलं की शटर वर. कारण सोपं आहे, बंदरात उभं असेल तर त्या देशाचा कर लागू होतो, भर समुद्रात कुणाचाच नाही, म्हणून ते "ड्यूटी फ्री". आता हा शब्द आपल्याकडे लोक असा ऐकतात की ही बाटली आता जन्मभर ड्यूटीतून सुटली. तसं नाहीये. विकताना कुणी ड्यूटी लावली नाही एवढाच त्याचा अर्थ. ती बाटली घेऊन तुम्ही ज्या देशात पाय ठेवाल तो देश आपल्या नियमाने परत पहिल्यापासून मोजणार, त्याला जहाजावरच्या पाटीशी काही घेणंदेणं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा दुकानातून हसत हसत आले. तीन सिंगल माल्ट व्हिस्की, सातशे एमएलच्या, गिफ्ट बॉक्समध्ये, तीन घेतल्या तर २१० सिंगापूर डॉलर अशी ऑफर. शिवाय एक एक लिटरच्या दोन साध्या स्कॉच, ४५ डॉलरला एक. एकूण ३०० डॉलर, तेव्हाच्या ६३ च्या भावाने १८,९०० रुपये. सगळं मामांच्या केबिन कार्डवर, एकाच बिलात. बाटल्या लगेच हातात देत नाहीत, ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री केबिनवर आणून देतात, नाहीतर लोक केबिनमध्ये बसून स्वस्तात पितील आणि बार ओस पडेल. मामांना हे फार अपमानास्पद वाटलं. "पैसे मोजलेत की ओ मी!" असं त्या फिलिपिनो पोराला मराठीत सांगत होते.

रात्री बाटल्या आल्या. सोबत उतरण्याच्या सूचनांचा एक कागद होता, सामान किती वाजता बाहेर ठेवायचं वगैरे, आणि त्यात खाली बारीक अक्षरात सिंगापूर कस्टमबद्दल चार ओळी. मी सहज वाचायला घेतला आणि झोप उडाली.

सिंगापूरमध्ये दारूची ड्यूटी फ्री सवलत आहे, पण तिला अटी आहेत. वय १८ पूर्ण पाहिजे. सिंगापूरच्या बाहेर लागोपाठ ४८ तास किंवा जास्त काढलेले पाहिजेत. आणि तिसरी अट, तुम्ही मलेशियातून येत नसला पाहिजे. आमचे ४८ तास झाले होते, साठच्या वर झाले होते, पण शेवटचं बंदर कुठलं? पेनांग. पेनांग कुठे आहे? मलेशियात. संपलं. तिसरा दिवस समुद्रात काढला त्याने काही फरक पडत नाही, समुद्र हा काही देश नाही.

मलेशियाला लागून सिंगापूर आहे, मधे दोन पूल, रोज हजारो माणसं इकडून तिकडे. प्रत्येकाने येताना एकेक बाटली आणली तर सिंगापूरचा दारूवरचा कर कोण भरेल, म्हणून ही अट. कारण पटतं. पण ती अट जहाजातून आलेल्या सोलापूरकरालाही लागते हे पचायला वेळ लागतो.

आणि समजा सवलत मिळाली असती तरी सिंगापूरचे दोन लिटर आपल्यासारखे नाहीत. तिथे माणशी एक लिटर स्पिरिट, म्हणजे व्हिस्की-रमसारखी कडक दारू, आणि एक लिटर वाइन, किंवा एक लिटर स्पिरिट आणि एक लिटर बिअर, अशा ठरलेल्या जोड्या आहेत. दोन्ही लिटर व्हिस्की अशी जोडीच नाही. सिगारेटला तर तिथे सवलतच नाही, एका पाकिटालाही नाही. दादाला हे मी आधी सांगितलं होतं म्हणून तो निदान तेवढ्यातून वाचला.

मी मामांच्या केबिनचं दार वाजवलं. रात्रीचे साडेअकरा. मामी सोलापुरी चादर पांघरून झोपलेल्या, जहाजाचं ब्लँकेट त्यांना टोचतं म्हणे, घरून चादर आणलेली. मामा बाल्कनीत.

"मामा, उद्या सिंगापूरला उतरताना ड्यूटी भरावी लागेल."

"कुठली ड्यूटी बे? ड्यूटी फ्री आहे की. पिशवीवर लिहिलंय बघ."

"ते जहाजापुरतं. आपण मलेशियातून येलालोय त्यांच्या लेखी."

"मलेशियात आपण चार तास होतो, ते पण मंदिर बघितलं आणि चहा प्यायला. कशाला घाबरलालास तू? गुपचूप जायचं."

इथे मी एकदा ठाम राहिलो, एरवी मामांपुढे माझं काही चालत नाही. सिंगापूरमध्ये गुपचूप जायचं नसतं. पकडलं तर ड्यूटी वेगळी, दंड वेगळा, आणि रात्रीचं विमान गेलं तर पाच तिकिटं वेगळी. सांगून भरलं तर फक्त ड्यूटी. शेवटी मामा म्हणाले, किती होतात ते तरी सांग. मग आम्ही दोघं हॉटेलच्या नाही, जहाजाच्या लेटरपॅडवर हिशोबाला बसलो.

सिंगापूरला स्पिरिटवर एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, लागतो तो बाटलीच्या किमतीवर नाही, आतल्या शुद्ध अल्कोहोलवर, एका लिटर अल्कोहोलला ८८ डॉलर. बाटली ४० टक्क्यांची असेल तर एक लिटरच्या बाटलीत ०.४ लिटर अल्कोहोल, म्हणजे ३५.२० डॉलर. सातशेच्या बाटलीत ०.२८ लिटर, म्हणजे २४.६४. त्यानंतर किंमत आणि एक्साइज दोन्हीच्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी, त्यांच्याकडेपण जीएसटी आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के झालाय. तर ७० डॉलरच्या माल्टला वरून ३३ डॉलर आणि ४५ डॉलरच्या स्कॉचला वरून ४२ डॉलर. म्हणजे बघा, महाग बाटलीला कमी आणि स्वस्त बाटलीला जास्त, कारण कर किमतीला नाही, मालाला आहे. मामा हे ऐकून एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे वजनावर टॉवेल विकल्यासारखं." अगदी बरोबर, मला एवढं सोपं सुचलं नसतं.

पाचही बाटल्यांचे मिळून १८४ डॉलर, साडेअकरा हजार रुपयांच्या वर. मी म्हटलं माल्ट सोडवू, त्या दोन स्कॉच तिथेच सोडून देऊ, ४५ च्या बाटलीला ४२ कोण भरतंय. रात्री विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीत नवीन घेऊ. ह्यावर मामांनी मला व्यापार शिकवला. "४५ गेले ते गेले. आता नवीन घ्यायला परत ४५ लागणार, हीच सोडवायला ४२. तीन डॉलर वाचतात की बे." मी कॉमर्स शिकलोय, मामा दहावी, आणि हिशोब त्यांचा बरोबर होता.

सकाळी रेड चॅनलला, म्हणजे ड्यूटीचा माल आहे असं सांगणाऱ्यांच्या रांगेला, गेलो, बिल दाखवलं, बाटल्या दाखवल्या, मामांनी कार्डाने पैसे भरले, पंधरा मिनिटं. ऑफिसर बाई अतिशय शांत, कुणी ओरडलं नाही, कुणी चोर असल्यासारखं बघितलं नाही. हे पैसे मोबाईलवरच्या त्यांच्या कस्टमच्या ॲपमधून आधीच भरता येतात हेपण नंतर कळलं. मामांचं तोंड मात्र दुपारच्या जेवणापर्यंत एरंडेल प्यायल्यासारखं.

आता खरी चूक कुठे झाली? सिंगापूर विमानतळावर रात्री निघताना तीच स्कॉच, साधारण त्याच भावात, एक पैसा कर न भरता मिळाली असती, कारण तिथून निघणारा माणूस सिंगापूरमध्ये दारू आणत नसतो, बाहेर नेत असतो. जहाज सिंगापूरलाच परत येणार असेल आणि पुढे विमान असेल तर जहाजावर बाटली घ्यायचं काहीच कारण नाही. हेच जहाज पेनांगनंतर फुकेतला जाऊन मग आलं असतं तर शेवटचं बंदर थायलंडचं, सवलत लागू, माणशी एक लिटर स्पिरिट बिनबोभाट सुटलं असतं.

पॅकिंग

जहाजावरची बाटली विमानात हँडबॅगेत चालत नाही. विमानतळावरचं दुकान जी सीलबंद पिशवी देतं ती वेगळी, जहाजाची पिशवी सिक्युरिटीवाले मानत नाहीत, शंभर एमएलचा नियम लागतो. म्हणून चेक-इन बॅग. विमानाचा नियम २४ ते ७० टक्क्यांच्या दारूला माणशी पाच लिटर, ती पण दुकानाच्या मूळ पॅकिंगमध्ये, ७० च्या वर असेल तर अजिबात नाही. हा विमानाचा सुरक्षेचा नियम आहे, कस्टमचा नाही, लोक दोन्ही एकत्र करतात आणि म्हणतात पाच लिटर चालते. विमानात चालते, कस्टमला दोनच.

आणि इथे खरा तंटा झाला. मामा म्हणाले तिन्ही माल्ट माझ्या बॅगेत, सेट आहे तो, फोडायचा नाही. तीन सातशे किती? एकवीसशे. दोन लिटरला शंभर एमएल वर. शंभर एमएल म्हणजे दीड पेग, पण नियमात दीड पेगाची सूट लिहिलेली नाही. सातशेची बाटली ह्या बाबतीत फार फसवी आहे, लोक तीन घेतात आणि दोन लिटरच्या आत आहोत असं धरून चालतात. साडेसातशेच्या तीन म्हणजे तर सव्वादोन लिटर. बिअरचे कॅन, वाइन, ते छोटे पन्नास एमएलचे खेळण्यासारखे, सगळं त्याच दोन लिटरमध्ये मोजतात.

मग मी म्हटलं एक मामींच्या बॅगेत ठेवू. मामी तोपर्यंत पलंगावर बसून शांतपणे ऐकत होत्या. गळ्यातली माळ हातात धरून म्हणाल्या, "माझ्या बॅगेत विठोबाचा फोटो आहे. त्याच्या शेजारी ठेवताय का?" विषय संपला.

आपल्या कस्टमच्या बॅगेज रूल्समध्ये स्पष्ट आहे, एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. पाच माणसं म्हणून दहा लिटरची एक बॅग, असं नाही चालत. ज्याची बाटली त्याच्या बॅगेत, आणि खरं म्हणजे बिलपण त्याच्या नावाने पाहिजे. आमचं बिल एकट्या मामांच्या नावाने होतं, ते दुकानातच वेगळं करून घ्यायला पाहिजे होतं, मला सुचलं नाही. शेवटी मामांकडे दोन माल्ट, वहिनीकडे एक, दादाकडे दोन स्कॉच बरोब्बर दोन लिटर, मी आणि मामी रिकामे. प्रत्येक बाटली मामांच्याच कारखान्याच्या टॉवेलात गुंडाळली, मामा कुठेही जाताना भेट द्यायला डझनभर टॉवेल नेतात, जहाजावर कुणाला द्यायचं राहूनच गेले होते. बॉक्सचा एक कोपरापण दबला नाही हो मुंबईपर्यंत.

दादाच्या बॅगेबद्दल अजून एक. त्याने ६०० डॉलरचं घड्याळ घेतलं होतं, म्हणजे ३७,८०० रुपये. आम्ही गेलो तेव्हा प्रवाशाला एकूण ५०,००० रुपयांच्या सामानाची सवलत होती, आणि दोन लिटरच्या आतली दारू ही त्या रकमेच्या बाहेर नसते, त्यातच धरायची असते. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. घड्याळ अधिक दोन स्कॉचचे ५,६७० मिळून ४३,४७०, बसलं. घड्याळाऐवजी महाग फोन असता तर नसतं बसलं.

मुंबई

बेल्टवरून सामान यायला वेळ होता आणि समोर अरायव्हलचं ड्यूटी फ्री झगमगत होतं. मी ट्रॉली आणायला गेलो, परत येतो तर मामा काउंटरवर एक लिटरची बाटली घेऊन उभे, पासपोर्ट पुढे केलेला. सिंगापूरच्या अपमानाचा बदला घेलाले होते बहुतेक.

उतरल्यावर आपल्या विमानतळावर घेतलेली बाटलीसुद्धा त्याच दोन लिटरमध्ये मोजली जाते. मामांकडे १.४ लिटर बॅगेत, वर ही एक, झाले २.४. दुकानवाला तुमच्या पासपोर्टवर दोन लिटरपर्यंत देतो, तुमच्या बॅगेत काय आहे ते त्याला कसं कळणार, ते तुम्हालाच माहीत पाहिजे. बिल व्हायच्या आधी पोचलो म्हणून बरं. माझ्याकडे एक थेंब नव्हता, मी माझ्या पासपोर्टवर, माझ्या कार्डाने ती घेतली. "साठीची भेट समजा" म्हटलं. मामांनी ती भेट आनंदाने स्वीकारली आणि पैशाचा विषय आजतागायत काढलेला नाही.

समजा मी रात्रीचा तो कागद वाचला नसता, कुणी सिंगापूरला अडवलं नसतं आणि मामा सगळ्या पाच बाटल्या एकाच बॅगेत घेऊन मुंबईला उतरले असते तर? ४.१ लिटर. दोन लिटरच्या वरच्या मालावर नेहमीचा बॅगेजचा ३५ टक्क्यांचा दर लागत नाही, दारूला तो दर नाहीच. व्हिस्कीला तेव्हा बेसिक ड्यूटी आणि कृषी सेस मिळून १५० टक्के. दोन स्कॉच सवलतीत धरल्या आणि तीन माल्ट वरच्या, तर १३,२३० रुपयांच्या मालावर १९,८४५ रुपये ड्यूटी. सिंगापूरचे साडेअकरा हजार त्यापुढे प्रसादासारखे. आणि हे रेड चॅनलला जाऊन स्वतः सांगितलं तर. कस्टम कायद्याच्या ७७ व्या कलमाने सामानात काय आहे हे सांगणं प्रवाशावर आहे, ग्रीन चॅनलमधून चालत जाणं म्हणजेच "माझ्याकडे ड्यूटीचं काही नाही" असं सांगणं. तिथे सापडलं तर माल जप्त होऊ शकतो, वर दंड.

आम्ही ग्रीनमधून गेलो. मामांची बॅग एक्स-रेला घातली, ऑफिसरने उघडायला लावली, टॉवेल सोडले, दोन बॉक्स बघितले, मोजले, "बस इतनाच?" मामा म्हणाले, "हो, बाकी टॉवेल आहेत. ठेवू का एक?" मी डोळे मिटून घेतले. ऑफिसर हसला, नको म्हणाला, जा म्हणाला.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूर. स्टेशनला उतरलो तर थंडी, चहा, रिक्षा, सगळं नेहमीचं. महाराष्ट्रात दारू जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो हे आपण सगळे विसरलेलो असतो, मामा विसरलेले नाहीत, हजार रुपयांचा आजीवन परवाना त्यांच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे, लॅमिनेट करून. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

जाता जाता, मुंबई ते गोवा किंवा लक्षद्वीप अशी जी देशातल्या देशात क्रूझ असते तिला हे दोन लिटर लावू नका. तिथे तुम्ही परदेशातून आलेलेच नसता, कस्टमची सवलत कुठून येणार. तिथे राज्याचा एक्साइज. गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, मग ती जहाजातून आणा, गाडीतून आणा नाहीतर आता सोलापूर-गोवा विमान सुरू झालंय त्यातून आणा.

मागच्या महिन्यात मामांचे एक मित्र, होटगी रोडला राहतात, चार रात्रींच्या क्रूझचं बुकिंग करून आले आणि पत्रक घेऊन मामांकडे बसले होते. त्यांनी केबिन दाखवली, स्विमिंग पूल दाखवला, बुफे दाखवला. मामांनी काही बघितलं नाही, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "ते राहू दे ओ. आधी पेनांग आहे का आधी फुकेत?"